लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, मग दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची कशी?

समजा, घर खालापूर तालुक्यात आहे. घरात २०१६ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. दादाचं कॉलेज त्यावर झालं, आता धाकटीचे प्रोजेक्ट त्यावर चालतात. लॅपटॉप धडधाकट आहे, पण स्क्रीनवर सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला.

हे खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरले.

मग नवीन लॅपटॉप घ्यायचा का? लगेच गरज नाही. विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स टाकता येतं. लॅपटॉप सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात.

पण सीडी कुठे घालायची?

एके काळी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सीडी, असंच समीकरण होतं. २००५ ते २०११ या काळात उबुंटू लिनक्सची सीडी मागवली की पोस्टाने फुकट घरी यायची. २००८ मध्ये ॲपलने सीडी ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आणला आणि पुढे पातळ लॅपटॉपमधून ही खाच गायबच झाली.

आज तिची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. मात्र डाउनलोड केलेली फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून सहसा भागत नाही. ती ‘आयएसओ’ फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असते. लॅपटॉपला तिथून सुरू होता यावं म्हणून ती रूफससारख्या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते.

आधी ही तयारी करा

१. बॅकअप. फोटो, दाखले, प्रोजेक्ट वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. ही पायरी कधीच गाळू नका.

२. बिटलॉकर तपासा. विंडोजने डिस्कला कुलूप लावलेलं असेल, तर बदल केल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. की आधीच कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर बंद करा.

३. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्सने तिच्या डिस्कला हात लावणं धोक्याचं.

४. जागा मोकळी करा. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करा. ४० ते ५० जीबी जागा सुरुवातीला पुरते. ती तशीच रिकामी सोडा.

५. बायोस मोड बघा. ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये यूईएफआय की लेगसी ते दिसतं. जे असेल तेच रूफसमध्ये निवडा.

डाउनलोडचं गणित

नवख्यांना सोपं वाटणारं लिनक्स मिंट सुमारे ३ जीबीचं आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल, तर ते एका दिवसात उतरणार नाही. अशा वेळी टॉरेंट वापरा, म्हणजे अर्धवट राहिलेलं दुसऱ्या दिवशी पुढे सुरू होतं. फाइल आल्यावर संकेतस्थळावर दिलेला ‘चेकसम’ जुळवून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल वापरू नका.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात ठेवा. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह नको!

आता प्रत्यक्ष इन्स्टॉल

लॅपटॉप सुरू होताना बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. जमलं नाही तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ‘रिस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा.

मिंट थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. लगेच इन्स्टॉल करू नका. वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतात का ते बघा. इथवर तुमच्या डिस्कमध्ये काहीही बदललेलं नसतं.

सगळं ठीक असेल तर इन्स्टॉल सुरू करा. इथे दोन पर्याय दिसतील. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज’ म्हणजे विंडोजच्या शेजारी. ‘इरेझ डिस्क’ म्हणजे सगळं साफ. घाईत दुसऱ्यावर क्लिक झालं की विंडोजही गेली आणि फोटोही गेले. शेजारीवाला पर्याय दिसतच नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला विचारा.

आणि वीज गेली तर?

खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. पण घाटाखालच्या पावसात घरातली वीज कधी झपकेल, याचा नेम नसतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा मेलेली असते, चार्जर काढला की बंद. डिस्कची विभागणी चालू असताना असं झालं तर डेटा कायमचा जाऊ शकतो. म्हणून बॅटरी तासभर टिकते का ते आधी तपासा. टिकत नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी हे काम करा.

नंतर घड्याळ चुकलं तर घाबरू नका

लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये गेलात की अनेकदा घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स लॅपटॉपच्या आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की हे सुटतं.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. शेजारी लिनक्स आलं म्हणून विंडोज १० सुरक्षित होत नाही. बँकेचे व्यवहार, ईमेल, इंटरनेट लिनक्सवर करा. विंडोज फक्त तिच्यावरच चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामपुरती ठेवा. दहा वर्षांचा लॅपटॉप मग धाकटीचंही कॉलेज काढून देईल.