वीज आधी विचारते, मग येते

पूर्वी घरातली वीज गेली तरी टेलिफोन चालू राहायचा, हे अनेकांना आठवत असेल. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची साधारण 48 व्होल्टची वीज, बोलणं वाहून नेणाऱ्या तारांवरूनच घरी यायची. आज सीसीटीव्ही कॅमेरे आणि छतावरची वाय-फाय यंत्रं हीच युक्ती वापरतात. इंटरनेटची केबलच वीजही आणते. या सोयीला 'पॉवर ओव्हर इथरनेट', थोडक्यात 'पीओई' म्हणतात.

मी कवितेचा माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या समितीवर असल्यामुळे हा विषय समजून घ्यावा लागला. घरी अभ्यासाला जागा नसलेली मुलं तिथं बसतात. एका परीक्षेचे अर्ज भरायला चार दिवस उरले असताना अभ्यासिकेतलं वाय-फाय बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "मशीन जळालं, नवीन घ्या." आमची शिल्लक वर्तमानपत्रांच्या बिलापुरती! याच कामात असलेला माझा भाचा म्हणाला, "मामू, थांबा. आधी बोलणं कुठं तुटलंय ते पाहू."

बोलणं हा शब्द अगदी नेमका आहे. स्विच, म्हणजे केबल जिथून निघतात ती पेटी, केबलमध्ये एकदम पूर्ण वीज सोडत नाही. आधी 10 व्होल्टपर्यंतचा हलका दाब देऊन ती अंदाज घेते, की पलीकडे वीज घेणारं कुणी आहे का? यंत्रात सुमारे 25 हजार ओहमचा रोध असतो, तीच त्याची ओळख. ओळख पटली, की बहुतेक यंत्रं आपली गरज किती ते कळवतात. मगच 48 व्होल्टच्या आसपासचा पूर्ण दाब येतो. म्हणूनच अशा केबलला लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही.

भाच्यानं यंत्र खाली उतरवलं आणि हातभर लांबीच्या चांगल्या केबलनं थेट स्विचला जोडलं. दिवा लागला! दोष भिंतीतल्या केबलमध्ये होता. ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, स्वस्तातली निघाली. शुद्ध तांब्यापेक्षा अशा तारेचा रोध जास्त, त्यामुळे वाटेतच दाब गळतो. नव्या केबलचा खर्च यंत्राच्या मानानं किरकोळ होता. मुलांचे अर्ज वेळेत गेले.

छोट्या केबलवरही यंत्र जागं झालं नाही, तर दुसरं पोर्ट पाहावं. काही स्विचमध्ये सगळीच पोर्टं वीज देत नाहीत. मग वॅटचा हिशेब करावा. 2003 च्या मानकानुसार एका पोर्टवर 15.4 वॅट मिळतात, 2009 च्या मानकानुसार 30, तर 2018 च्या मानकानुसार 90 पर्यंत. जास्त भुकेचं नवं यंत्र जुन्या स्विचवर अर्धपोटी राहतं. स्विचची एकूण ताकदही मर्यादित असते. 60 वॅटच्या स्विचवर 10 वॅटची सहा यंत्रं चालतील, सातवं उपाशी राहील. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री सारखा बंद-चालू होत असेल, तर अंधारात लागणाऱ्या त्याच्या इन्फ्रारेड दिव्यांना वीज कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

लॅपटॉपवर इंटरनेट येतं, म्हणजे केबल ठीक, असंही समजू नये. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 100 मेगाबिटच्या वेगाला दोनच पुरतात. वीज उरलेल्या दोन जोड्यांवरून येत असेल आणि तिथली तार सुटली असेल, तर माहिती येईल, वीज नाही. केबलची लांबीही 100 मीटरच्या आत हवी.

एक सावधगिरी मात्र पाळा. बाजारात 'पॅसिव्ह' प्रकारचे काही स्वस्त इंजेक्टर मिळतात. ते काहीही न विचारता थेट वीज सोडतात. यंत्रावर लिहिलेले व्होल्ट जुळत असल्याशिवाय ते लावू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते कागदावर लिहा. नव्या यंत्राचे पैसे मोजण्याआधी जुनं एकदा छोट्या केबलवर लावून पाहा.