नाक आजोळचं, कपाळ घरचं

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावल्या की पहिली पाच मिनिटं बाळाची वाटणीच चालते बघा. नाक आजोळचं, कपाळ आमच्या घरचं, रंग आत्याचा, आणि कानाच्या पाळ्या कुणाच्याच नाहीत असं निघालं की कुणीतरी म्हातारी चार पिढ्यांपूर्वीचा एखादा चुलत पणजोबा उकरून काढते. हसू नका. नाक काही एका जनुकाचं नसतं, ती पुष्कळांची मिळून भानगड असते हे खरं. पण बापानं लेकराला जे दिलं त्यात बापाच्या आईचंही होतं आणि बापाच्या बापाचंही, हा त्या बायकांचा हिशेब पक्का आहे. फक्त हा आजी-आजोबांचा माल एकाच गुणसूत्रावर कसा सांधला जातो, ते डोळ्यांनी पाहून सिद्ध करायला शास्त्रज्ञांना १९३१ साल उजाडावं लागलं.

तर ऐका. आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या; प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. जुन्या घरात लाल कापडात बांधलेली सुट्या पानांची पोथी असते ना, तशा एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समजा. ग्रंथ तोच, अध्याय तेच, पण लिहिणारे हात दोन, म्हणून कुठे वेलांटीचा फरक, कुठे एखादा शब्द निराळा. आता लेकराला द्यायची एकच प्रत. आपण काय केलं असतं? दोन्हींतली बरी बघून दिली असती. निसर्ग दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडतो, पान चाळीससमोर पान चाळीस असं लावून घेतो, आणि तिथपासून पुढची पानं इकडची तिकडे नि तिकडची इकडे करून टाकतो. गंमत अशी की क्रम चुकत नाही. चाळिसाव्याच्या जागी चाळिसावंच येतं, एकही पान कमी-जास्त होत नाही.

याला जीवशास्त्रवाले क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. हे अंगभर होत नाही. फक्त जिथे शुक्रपेशी किंवा अंडपेशी घडते तिथेच, अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात. आणि ते होतं कसं, ते ऐकलं तर थोडी धडकीच भरते, कारण पेशी आपलीच गुणसूत्रं आपण होऊन कापते. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल काढून होते, आणि मग स्पो-११ नावाचं एक प्रथिन डीएनएचे दोन्ही पदर तोडतं, तेही एका ठिकाणी नव्हे, शंभराहून अधिक ठिकाणी. एरवी डीएनए असा तुटला की पेशीच्या जिवावर बेततं. कॅन्सरच्या गाठीला किरणं देतात ती असंच तोडून तिला मारण्यासाठी. इथे मात्र तुटलेलं टोक जोडीदाराच्या अंगावर आपल्यासारखाच मजकूर धुंडत जातं आणि सापडला की त्याच्या आधारानं जखम भरून काढतं. बहुतेक जखमा भरतात आणि सूत्रं जिथली तिथे राहतात. थोड्या ठिकाणी मात्र सांधा बदलतो. सरासरीनं एका शुक्रपेशीत असे २५च्या आसपास सांधे असतात, अंडपेशीत ४०च्या आसपास. या बाबतीत आईचा हात बापापेक्षा सढळ.

हा सांधा सूक्ष्मदर्शकाखाली फुलीसारखा दिसतो. त्याला कायझ्मा म्हणतात. बेल्जियममधले यान्सेन्स नावाचे एक पाद्री, धर्मकार्य सांभाळून पेशी बघत बसणारे, त्यांनी सॅलमँडरच्या पेशींत या फुल्या पाहिल्या आणि १९०९ साली छापून सांगितलं की सूत्रं इथे तुटून जोडली जात असावीत. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

घेतलं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथे थॉमस हंट मॉर्गन यांनी एका लहानशा खोलीत केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्या दुधाच्या बाटल्यांत पाळल्या होत्या. वास असा की शेजारचे लोक नाक धरून जात असावेत. त्यांच्या हाताखाली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विशीतला पोरगा होता. अलाबामातल्या शेतावर वाढलेला, वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी लिहिता लिहिता रंगांच्या वारशाच्या नादी लागलेला, आणि गंमत बघा, स्वतः रंगांधळा. १९११च्या अखेरीस मॉर्गनांशी बोलताना त्याच्या डोक्यात आलं, की दोन गुण जितके लांब लांब बसलेले असतील तितकी त्यांच्यामध्ये तुटातूट होण्याची शक्यता जास्त. मग तुटातूट मोजली की अंतर आपोआप मिळेल. घरी गेला, कॉलेजचा गृहपाठ दिला ठेवून, आणि रात्र जागून जगातला पहिला जनुकांचा नकाशा आखला. पिवळ्या अंगाचा जनुक नि पांढऱ्या डोळ्यांचा जनुक शेजारी शेजारी, कारण शंभरात एखाद्याच माशीत त्यांची ताटातूट दिसत होती. नकाशा १९१३ साली छापला गेला. पुढे या अंतराच्या मापाला मॉर्गनांचं नाव दिलं ते हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञांनी. तेच हॉल्डेन, जे उतारवयात भारतात येऊन कुर्ता घालून राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

पण हे सगळं झालं हिशेबावरून. सूत्राचा तुकडा खरोखर हलताना कुणी पाहिला होता? एखाद्या जोडीतले दोघे दिसायला सारखेच, मग अदलाबदल झाली की नाही ते ओळखायचं कशावरून? ही अडचण मक्यानं सोडवली. कॉर्नेल विद्यापीठात बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याचं असं नववं गुणसूत्र सापडलं, ज्याच्या एका टोकाला ठसठशीत गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला. दोन्ही टोकांना खूण. हॅरिएट क्राइटन या विद्यार्थिनीला हाताशी धरून त्यांनी संकर केले आणि कणसातले दाणे निवडले, कुठला रंगीत, कुठला बिनरंगाचा, कुठला मेणचट. ज्या दाण्यांत रंग आणि मेणचटपणा यांची जोडी मोडली होती, त्यांच्या रोपांच्या पेशींत गाठ एकीकडे आणि तो जादा तुकडा भलतीकडेच, असं उघड दिसलं. मका वर्षाकाठी एकदाच येतो, तेव्हा आणखी एक हंगाम थांबून मग छापू असा त्यांचा विचार. तेवढ्यात मॉर्गन कॉर्नेलला आले आणि म्हणाले, थांबू नका, आत्ताच लिहा. निबंध १९३१ साली आला, आणि काही आठवड्यांतच जर्मनीत कुर्ट स्टर्न यांनी माशीवर तेच दाखवल्याचं प्रसिद्ध झालं. स्टर्न कुठवर आलेत हे आपल्याला ठाऊक होतं, अशी कबुली मॉर्गननी पुढे दिली. आयुष्य माशीच्या पायी घातलेल्या माणसानं मक्याला पुढे जाऊ दिलं, हा मोठेपणा मला त्यांच्या १९३३च्या नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

आणि माशीचीच आणखी एक तऱ्हा. त्या फळमाशीच्या नरात अदलाबदल होतच नाही, सूत्रं कोरी करकरीत जशीच्या तशी पुढे जातात. रेशमाच्या किड्यात उलटं, तिथे मादीत होत नाही. आपल्यातल्या पुरुषांचं वाय गुणसूत्रही असंच ताठ आहे. एक्सशी ते फक्त टोकाला टोक लावून थोडी देवाणघेवाण करतं, बाकीचं सगळं बापाकडून मुलाकडे तसंच, आडनावासकट.

नुसत्या मिसळीसाठी एवढा खटाटोप असेल असं मात्र समजू नका. तो सांधा जोडीदारांना धरून ठेवतो, आणि ओढायची वेळ आली की दोघं नेमके दोन बाजूंना जातात. सांधा नसला किंवा भलत्या जागी पडला, तर दोन्ही एकाच बाजूला जाऊ शकतात. २१व्या गुणसूत्राचं असं झालं की बाळाला डाऊन सिंड्रोम होऊ शकतो. आईचं वय वाढलं की हा धोका वाढतो, कारण अंडपेशीतली ही अदलाबदल आई जन्माला येण्यापूर्वीच, आजीच्या पोटात असताना, उरकलेली असते आणि सांधे तेव्हापासून तसेच धरून थांबलेले असतात. म्हणजे तुमच्या आईनं तुम्हाला दिलेली प्रत तुमच्या आजीच्या गरोदरपणात तयार होत होती.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर अमेरिकेला जायला नको. घरात बी.एस्सी.ला असलेलं पोर असेल तर बियाण्याच्या कांद्याचा गोंडा उमलण्याआधी त्याला एक द्या आणि त्यातली अगदी बारीक कळी फोडून, परागकोश रंगात चिरडून, सूक्ष्मदर्शकाखाली लावायला सांगा. कांद्याची गुणसूत्रं चांगली जाडजूड, आठच जोड्या; वेळ साधली तर फुल्या मोजता येतात.