पदवी आणि अधिकार

दक्षिण आफ्रिकेत बांधकाम-व्यवस्थापन हा विद्यापीठात शिकविला जाणारा स्वतंत्र विषय आहे. त्यात पदवी मिळविलेला तरुण बांधकाम-व्यवस्थापक झाला, असे आपण सहज म्हणू. कायदा तसे म्हणत नाही. सन २००० च्या ४८ व्या अधिनियमाने तेथे या व्यवसायासाठी एक परिषद स्थापन झाली. पदवीधराने तिच्याकडे प्रथम ‘उमेदवार’ म्हणून नाव नोंदवावयाचे, नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखाली काही वर्षे काम करावयाचे आणि मग आपली पात्रता सिद्ध करावयाची, असा क्रम आहे.

हा क्रम जाचक वाटेल. पण त्याला कारण आहे. ६ मे २०२४ रोजी तेथील जॉर्ज शहरात बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळून ३४ माणसे मृत्युमुखी पडली. ज्याच्या शब्दावर मजूर परांचीवर चढतात, त्याची परीक्षा केवळ कागदावर होऊन भागावयाचे नाही.

मग अडते कोठे? अनुभवासाठी नोकरी हवी, आणि नोकरी देणारा प्रथम अनुभवच विचारतो. नोकरी मिळाली तरी वरिष्ठ नोंदणीकृत असेलच असे नाही. असलाच, तर कामाच्या धबडग्यात त्याला शिकविण्यास सवड नसते. परिषदेला अनुभव सर्वांगीण हवा: वेळापत्रक, खर्च, करार, दर्जा, सुरक्षितता. मालकाला मात्र ज्या कामात हात बसला त्याच कामावर माणूस ठेवणे सोयीचे पडते. त्यात धंद्यातील मंदीची भर. ग्रुप फाइव्हसारखी मोठी कंपनीही मार्च २०१९ मध्ये संकटात सापडली. कंपनी बुडाली की उमेदवाराची नोकरी तर जातेच. शिवाय ज्याच्या सहीने त्याचा अनुभव ग्राह्य ठरावयाचा, तो वरिष्ठही दूर जातो.

म्हणजे अट घातली कायद्याने, पण ती पुरी होणे राहिले मालकाच्या मर्जीवर. परीक्षा सोपी करणे हा यावर उपाय नव्हे. जॉर्ज येथील ढिगारा डोळ्यांपुढे असता तसे कोणी म्हणणार नाही. उपाय शिकण्याची जागा वाढविण्यात आहे. सरकारी कंत्राटांतूनच उमेदवारांना अशी संधी मिळावी, म्हणून तेथील बांधकाम-उद्योग विकास मंडळाने २०१३ साली एक मानक प्रसिद्ध केले, ते याच विचाराने. अनुभवाची सक्ती करणाऱ्या समाजाने तो अनुभव कोठे मिळेल याचीही तजवीज करावयास हवी. नाही तर पदवीधर दाराबाहेर ताटकळत राहतील आणि इमारतींना जाणते व्यवस्थापक कमी पडतील.