आखातची कमाई आणि घरचा हिशेब

कोकणाला बाहेरून येणाऱ्या पैशाची सवय जुनी. रत्नागिरी म्हणजे मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा, असे एकेकाळी म्हटले जाई. गिरणीतून, गोदीतून, जहाजावरच्या खलाशांकडून पैसे येत. १९७३ साली तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली आणि चिपळूण, खेड, महाड, म्हसळा, श्रीवर्धनची आमची माणसे कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागली. मनिऑर्डर गेली, ड्राफ्ट आला. आता मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो.

हा पैसा थोडाथोडका नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये परदेशातून देशात आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. त्यात अमेरिकेतल्या इंजिनिअरची कमाई आहे, तशी उन्हात राबणाऱ्या सुताराचीही.

पाठवताना खर्च दोन ठिकाणी लागतो. एक फी, ती दिसते. दुसरा रुपयाचा भाव, त्यातली कपात दिसत नाही. ‘फी माफ’ अशी पाटी असली तरी भाव कमी लावलेला असू शकतो. म्हणून शेवटी घरी नेमके किती रुपये पडतील, एवढेच विचारावे आणि दोन-तीन ठिकाणी विचारावे. हुंडीवाला भाव जास्त देतो, घरपोच देतो. पण तो मार्ग बेकायदा आहे. पैसे बुडाले तर दाद मागायला हातात कागद नसतो.

परदेशी गेलेल्याने गावचे साधे बचत खाते तसेच चालवू नये. एनआरई खात्यातला पैसा पुन्हा बाहेर नेता येतो आणि त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही. (व्याज घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न.) घरच्या माणसाला मुखत्यारपत्र देऊन त्यातून खर्चाला पैसे काढता येतात.

पण खरी अडचण बँकेत नाही, घरात आहे. आखातात पंचवीस वर्षे काढली तरी परतायचे ठरलेलेच. तिथे आपल्या कामगाराला पेन्शन नाही. नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार, पुढे वर्षाला एक पगार. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाच्या वर भारतीय नेसत्या कपड्यांनिशी परतले. ज्यांनी सगळी कमाई बंगल्यात आणि लग्नांत घातली होती, त्यांच्या हाती काय उरले असेल?

आणि एक. पैसा अब्बांच्या नाहीतर भाईंच्या खात्यावर जातो, जमीन त्यांच्या नावे होते, लिखापढी काही नसते. सगळे हयात असतात तोवर ठीक. नंतर पाठवणाऱ्याच्या बायकोमुलांना आपला हक्क सिद्ध करावा लागतो. कागद करणे म्हणजे भावावर अविश्वास, असे आपल्याकडे समजतात. आम्हाला ते पटत नाही. कागद असला म्हणजे भावाभावांतली माया टिकते.

म्हणून घरातल्या बाईला पगार किती, कर्ज किती, खाते कुठल्या बँकेत, नॉमिनी कोण, हे ठाऊक असावे. एक वही घालावी. आलेला पैसा, झालेला खर्च आणि बाजूला टाकलेली रक्कम दर महिन्याला तिच्यात लिहावी, आणि फोनवर खुशाली विचारून झाली की ते पानही वाचून दाखवावे.