आगबोटीचा वैल

चुलीवर भाकरी भाजत असतां शेजारच्या वैलावर कालवणाचें भांडें ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत विद्यार्थिमित्रांनीं पाहिलीच असेल. वैलास निराळें सरपण लागत नाहीं. चुलींतून निसटणारी आंच तिकडे वळते, आणि जी वायां गेली असती तीच दुसरें भांडें शिजविते. हेंच तत्त्व मोठ्या जहाजांवर कसें योजितात, तें आज पाहूं.

जहाजावरील गॅस टर्बाइन हें विमानाच्या एंजिनाचें भावंड होय. त्यांत प्रथम हवा दाबली जाते, त्या हवेंत तेल जळतें, व १००० अंशांहून अधिक तापलेला वायु पात्यांच्या चाकांवर आदळून तीं फिरवितो. हें यंत्र आकारानें लहान, वजनानें हलकें, पण शक्तीनें प्रचंड असतें. दोष एवढाच कीं, १०० भाग उष्णता दिली असतां सुमारें ३८ भागांचेंच काम होतें. बाकीची बहुतेक धुराड्यावाटे निघून जाते. बाहेर पडतांनाही तो वायु सुमारें ५०० अंश तापलेला असतो!

मग या चुलीसही वैल कां नसावा? म्हणून धुराड्याच्या वाटेंत नळ्यांचा बॉयलर बसवितात. तप्त वायु नळ्यांना चाटून जातो, आंतील पाण्याची वाफ होते, व ती वाफेचें दुसरें टर्बाइन फिरविते. काम झालेली वाफ समुद्राच्या पाण्यानें निववून तिचें पुन्हां पाणी करितात व तें बॉयलरांत परत सोडतात. अशा रीतीनें तेलाचा एक थेंबही जास्त न जाळतां आणखी काम पदरांत पडतें.

फ्रान्समधील सँ-नाझेर येथें बांधलेलें व २००० सालीं प्रवासास निघालेलें 'मिलेनियम' हें जहाज याचें उत्तम उदाहरण होय. त्यावर प्रत्येकीं २५ मेगावॉटचीं दोन गॅस टर्बाइनें व ९ मेगावॉटचें एक वाफेचें टर्बाइन बसविलें गेलें. तिन्हीं यंत्रें वीज उत्पन्न करीत व त्या विजेवर जहाजाचे पंखे फिरत. ५० वर ९ म्हणजे शेंकडा १८ ची भर. आपल्या हिशेबानें ३८ चे सुमारें ४५ झाले.

ही कल्पना अगदींच नवी नव्हे. १९१२ सालीं बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजावरही दट्ट्याच्या दोन एंजिनांतून बाहेर पडणारी वाफ एका टर्बाइनांत सोडून तिच्यावर मधला पंखा चालवीत असत.

कोणी विचारील, सर्वच उष्णतेचें काम कां होत नाहीं? सादी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ सालीं याचें मर्म दाखविलें. पाणी उंचावरून खालीं पडतांना चाक फिरवितें. तळास पोंचल्यावर त्याची ती शक्ति संपते. उष्णतेचेंही तसेंच आहे. गॅस टर्बाइन वरचा टप्पा वापरतें, वाफ खालचा वापरते, आणि समुद्राचें पाणी हा तळ होय. त्याखालीं उतार नाहीं.

तर मग सर्व जहाजें अशीं कां नाहींत? कारण हिशेब केवळ उष्णतेचा नसतो, पैशाचाही असतो. गॅस टर्बाइनास स्वच्छ व महाग तेल लागतें. मालवाहू जहाजांचें संथ चालणारें डीझेल एंजिन जाड व स्वस्त तेलावर चालतें आणि एकटेंच १०० पैकीं सुमारें ५० भागांचें काम करितें. पुढें तेल महागलें तेव्हां 'मिलेनियम'वरही एक डीझेल एंजिन बसवावें लागलें. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या व २०१० सालीं नौदलांत दाखल झालेल्या 'शिवालिक' युद्धनौकेवर गॅस टर्बाइनें आहेत, परंतु तीं वेगाच्या प्रसंगासाठीं. एरवीं तीही डीझेलवर चालते. जी चूल क्वचितच पेटते, तिला वैल बांधून लाभ तो काय?

वायां जाणारें वांचविणें हें शहाणपण खरेंच. परंतु त्या वांचविण्यास काय किंमत पडते हें आधीं मोजून पाहणें, हें त्याहून मोठें शहाणपण होय. कुशल यंत्रज्ञ हीं दोन्हीं जाणतो, आणि घर चालविणारी आपली आईही जाणते.