ट्रामने कचेरीत जाणारे गव्हर्नर

अमेरिकेतील राज्याचा ‘गव्हर्नर’ म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेने थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो; तुलना करायचीच तर मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल. मॅसॅच्युसेट्स राज्याचे हे पद १९७५ मध्ये स्वीकारल्यानंतरही मायकेल डुकाकिस ब्रुकलाइन येथील आपल्या घरापासून बोस्टनच्या विधानभवनापर्यंत ‘ग्रीन लाइन’च्या ट्रामने जात असत. ही ट्राम बोस्टनच्या मध्यभागी ज्या भुयारातून धावते, त्याचा पहिला भाग १८९७ मध्ये खुला झाला. उत्तर अमेरिकेतील तो पहिला भुयारी मार्ग. तेथे शिकणारी आपली मुलेही आज याच ट्रामने जातात.

छायाचित्रापुरता साधेपणा दाखविणारे पुढारी सर्वत्र आढळतात. डुकाकिस यांचे तसे नव्हते. ग्रीक स्थलांतरित कुटुंबांतून आलेल्या आईवडिलांच्या या मुलाला काटकसर घरातच मिळाली होती आणि ट्राम ही त्यांची जुनी सवय होती. डब्यात शेजारी उभा असलेला नागरिक तक्रार थेट कानावर घालतो, सचिवाने गाळून दिलेली माहिती नव्हे, हा त्यांच्या लेखी मोठा लाभ होता.

तथापि त्यांचे खरे महत्त्व प्रवासापेक्षा पैशाच्या हिशेबात आहे. १९६० च्या दशकात बोस्टनच्या वस्त्या चिरत जाणारे महामार्ग आखले गेले होते. अशा आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकार देई. म्हणजे दहा डॉलरच्या कामात राज्याने एकच डॉलर घालायचा. व्यापारी घराला यातील मोह उलगडून सांगण्याची गरज नाही. पण भागीदार नव्वद टक्के भांडवल आणतो म्हणून तोट्याचा धंदा नफ्याचा होत नाही. घरे पाडली जाणार, दुकाने उठणार, कर भरणारी वस्तीच नाहीशी होणार, हे नुकसान त्या हिशेबात कोठेच धरलेले नव्हते. तरुण आमदार डुकाकिस यांनी या योजनांना विरोध केला. वस्त्यांतून मोठे आंदोलन उभे राहिले आणि १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी या कामांना स्थगिती दिली. सार्जंट हे विरोधी रिपब्लिकन पक्षाचे. १९७४ च्या निवडणुकीत डुकाकिस यांनी त्यांचाच पराभव केला. परंतु त्यांचा निर्णय मात्र मोडला नाही, पुढे चालविला. आपल्याकडे सरकार बदलले की आधीच्यांचे प्रकल्प कसे कपाटात जातात, ते सर्वांना ठाऊक आहे.

१९७३ च्या केंद्रीय कायद्याने रद्द केलेल्या महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळविण्याची मुभा दिली. डुकाकिस आणि त्यांचे वाहतूक सचिव फ्रेड साल्वुची यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. १९८५ मध्ये ‘रेड लाइन’ एलवाइफपर्यंत पोहोचली. १९८७ मध्ये ‘ऑरेंज लाइन’ नव्या मार्गाने धावू लागली. महामार्गासाठी घरे पाडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातच आता लोहमार्ग आणि त्यालगत लांबच लांब उद्यान आहे. (योगायोग असा की बोस्टनची आजची वाहतूक संस्था १९६४ साली स्थापन झाली, मुंबईची शेवटची ट्राम त्याच वर्षी थांबली.)

राजकारणाने त्यांना कठोर धडेही दिले. १९७४ च्या प्रचारात त्यांनी नवे कर न लावण्याचे ठाम वचन दिले. सत्तेवर येताच तिजोरीतील खड्डा पाहून कर वाढवावे लागले. १९७८ मध्ये स्वपक्षीयांनीच त्यांना उमेदवारी नाकारली. ते १९८२ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९८८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. मात्र जॉर्ज बुश यांच्यापुढे त्यांना दहाच राज्ये जिंकता आली. प्रतिपक्षाच्या आरोपांना वेळीच उत्तर दिले नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींपेक्षा प्रत्येक मतदान केंद्रामागे एक जबाबदार कार्यकर्ता आणि घरोघरी प्रत्यक्ष भेट, हे त्यांचे आवडते सूत्र. पद गेल्यावर त्यांनी विद्यापीठात अध्यापन केले, तरुणांना शासनसेवेकडे वळविण्याचा प्रयत्न केला आणि ‘ॲमट्रॅक’ या राष्ट्रीय रेल्वेच्या संचालक मंडळावरही काम केले.

त्यांच्या मतांतील एक बाजू वादग्रस्त आहे, ती म्हणजे खर्च. २००० पासून बोस्टनच्या वाहतूक संस्थेला राज्याच्या विक्रीकराचा ठरावीक हिस्सा मिळू लागला, पण त्याबरोबर कर्जाचा मोठा बोजाही तिच्या माथी आला. विक्रीकराचे उत्पन्न अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. व्याज मात्र थांबत नाही. अशा स्थितीत नवे भुयार मागणे अनेकांना धाडसाचे वाटते. त्यांचा आक्षेप योग्य आहे, पण अपुरा. रस्त्याचा तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, रेल्वेचा तेवढा दरवर्षी छापून येतो.

ते भुयार म्हणजे बोस्टनच्या उत्तर आणि दक्षिण स्थानकांना जोडणारा लोहमार्ग. दोन्हींमधील अंतर दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहे, तरीही दक्षिणेकडून आलेली गाडी उत्तरेला जाऊ शकत नाही. प्रवाशाला सामान घेऊन उतरावे लागते. महामार्ग भूमिगत करण्याच्या अवाढव्य प्रकल्पाबरोबरच हा जोडमार्ग व्हावा, अशी डुकाकिस यांची इच्छा होती. खर्चापायी तो वगळला गेला. निवृत्तीनंतर त्यांनी रिपब्लिकन माजी गव्हर्नर विल्यम वेल्ड यांना बरोबर घेऊन त्याचा पाठपुरावा केला. २०१४ मध्ये दक्षिण स्थानकाला डुकाकिस यांचे नाव देण्यात आले. या सन्मानाचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. त्यांना हवा होता तो जोडमार्ग अजून झालेला नाही.