यादी म्हणजे अमानत

आम्ही शिक्षक पालकांची यादी ठेवतो, मस्जिदीची कमिटी चंदा देणाऱ्यांची ठेवते आणि खानदानातले एखादे भाईजान सगळ्या नातेवाइकांचे ईमेल सांभाळतात. अशा याद्यांशिवाय आज काम चालत नाही. पण हीच यादी भलत्या हाती पडली, की घरोघरी नको त्या संदेशांचा भडिमार सुरू होतो. त्यालाच स्पॅम म्हणतात.

ही कटकट जुनी आहे. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने छापील यादीतले पत्ते घेऊन सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली. लोक भडकले, पण युक्ती टिकली. कारण हजारो ईमेल पाठवायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. हजारात एकजण फसला, तरी पाठवणाऱ्याचा फायदाच!

नुसती जाहिरात असेल तर पुसून टाकता येते. पण ‘मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी फी भरा’ किंवा ‘उमराहची शेवटची सीट, आजच पैसे पाठवा’ असा संदेश आला, तर वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम एका लिंकवर जाऊ शकते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाची फी नसते, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

मग करायचे काय? अनेकांना एकच ईमेल पाठवताना सगळे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात लिहावेत, म्हणजे कोणाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. यादी ग्रुपवर टाकू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे ठरवता येते; ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवावे. अनोळखी स्पॅमला उत्तर देऊ नये. उत्तर दिले की हा पत्ता चालू आहे, हे त्याला कळते. ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबावे. जाहिरातींचे फोन बंद करण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना आपण चारचौघांत मांडत नाही. त्याचा नंबरही तसाच जपू या.